चौदा वर्षं बंद असलेली १९६६ची मस्टँग: आधी इंजिन की आधी रंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहता, १९६६ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप घेतली आहे, २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, चौदा वर्षं एकाच गॅरेजमध्ये उभी. एक शॉपवाला म्हणतो सगळा रंग उतरवून नवा देऊ, दुसरा म्हणतो इंजिन खाली काढून पूर्ण रीबिल्ड करू, आणि तुमचे मेहुणे म्हणतात नवी बॅटरी लावून आधी स्टार्ट तर करून बघ. पैसे एकाच मोठ्या कामापुरते आहेत आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी रस्त्यावर हवी आहे. सगळ्यात शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय: गाडी धुतली तेव्हा प्रवाशाच्या पायाखालचं कार्पेट ओलं झालं.

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. इंजिन आणि रंग या दोन्हींचा निर्णय त्याच्या उत्तरावर ठरेल. तोवर चावी फिरवू नका, आणि रंगवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. फरशी, दारांखालचे लांब पत्रे म्हणजे रॉकर, पुढचे रेल, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला फायरवॉल आणि पुढच्या काचेच्या पायथ्याचा काऊल हे सगळे पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडून जे तयार होतं, तीच चासी. त्यामुळे पत्रा सडला की नुसतं दिसणं बिघडत नाही, गाडीची ताकद जाते. इंजिनाचं तसं नाही. २८९चा जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो आणि त्याचं काम किती लागेल हे आधी मोजता येतं. पत्र्याचं काम उघडल्याशिवाय कळत नाही, आणि बजेट नेहमी तिथेच फाटतं.

आधी गाडी नेमकी कोणती ते बघून घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते. तिच्यावरचा क्रमांक ‘६टी०७सी’ असा सुरू होत असेल, तर ६ म्हणजे १९६६, टी म्हणजे मेटुचन कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं २०० हॉर्सपॉवरचं २८९. मेटुचन नावाचा तो कारखाना प्रत्यक्षात तुमच्या एडिसनमध्येच होता, रूट १वर. २००४ मध्ये बंद झाला. म्हणजे गाडी माहेरीच असेल कदाचित. तोच क्रमांक बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूच्या एप्रनवर, म्हणजे चाकावरच्या आतल्या पत्र्यावर, ठोकलेला असतो. दोन्ही जुळतात का आणि टायटलच्या कागदावर तोच आहे का, ते तपासा. दार कधी बदललेलं असेल तर पट्टी भलत्याच गाडीची निघते. इंजिनाचं अक्षर ‘के’ निघालं तर मात्र थांबा. ते २७१ हॉर्सपॉवरचं दुर्मीळ इंजिन, तिथे प्रत्येक मूळ बोल्टला किंमत आहे. ‘सी’ असेल, आणि बहुतेक तेच असेल, तर मूळपणाचा फार बाऊ न करता सुरक्षिततेच्या सुधारणा बिनधास्त करा.

आता ते ओलं कार्पेट. पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं: हीटरचा कोअर (हीटरमधला छोटा रेडिएटर), पुढच्या काचेचं रबर, आणि काऊल. कोअरचं पाणी म्हणजे कूलंट, चिकट आणि गोडसर वासाचं, आणि ते गाडी धुण्याची वाट बघत नाही. काचेच्या रबरातून येणारं पाणी डॅशच्या वरच्या कडेवरून ओघळतं. काऊलचं पाणी साधं, बहुतेक वेळा गंजाने तपकिरी झालेलं, आणि थेट हीटरच्या पेटीच्या आसपास टपकतं.

काऊल म्हणजे काचेच्या पायथ्याशी बारीक फटी दिसतात ना, त्यांच्याखालची बंद पोकळी. गाडीत हवा यावी म्हणून तिच्या तळाला दोन्ही बाजूंना एकेक भोक आहे आणि भोकाभोवती उभी पत्र्याची कॉलर आहे. पावसाचं पाणी या कॉलरच्या बाहेरून वाहत दोन टोकांना जावं आणि फेंडरच्या मागून खाली पडावं अशी रचना. पण पानं आणि माती आत जाते, टोकं तुंबतात, पाणी कॉलरपाशी साचून राहतं, आणि वरून हात घालून साफ करायला तिथे जागाच नाही. कॉलरचं बूड सडलं की पाणी थेट पायाशी. १९६५-६६च्या मस्टँगमध्ये फरशी सडण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. पुष्कळ लोक नवी फरशी घालतात, काऊल तसाच ठेवतात, आणि काही वर्षांत नवी फरशीही गमावतात.

तपासणी एका दुपारची आहे. कार्पेट आणि त्याखालचा थर पूर्ण उचला, पायांच्या शेजारचे दोन्ही बाजूंचे किक पॅनेल काढा. एकाने डॅशखाली टॉर्च घेऊन उताणं झोपायचं, दुसऱ्याने झारीने फक्त त्या फटींत पाणी घालायचं, काचेवर एक थेंब जाऊ द्यायचा नाही. आधी ड्रायव्हरच्या बाजूला दोन-तीन लिटर, पाच मिनिटं थांबून प्रवाशाच्या बाजूला तेवढंच. पाणी फेंडरखालून बाहेर आलं आणि आत सगळं कोरडं राहिलं, तर तुम्ही नशीबवान. मग काचेचं रबर धरा. आत थेंब दिसला तर काऊल गेलेला आहे.

बाजारात कॉलरवर बसवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या आणि सिलिकॉन मिळतं. गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर ते करा. ठेवायची असेल तर काऊलचा वरचा पत्रा काढण्याला पर्याय नाही. त्यासाठी बॉनेट, दोन्ही फेंडर आणि पुढची काच उतरवावी लागते, मग स्पॉट वेल्ड कटरने अनेक डझन वेल्ड एकेक करून सोडवायचे. कटर वरचाच पत्रा कापेल एवढाच दाबायचा. खालच्यात भोक पाडलं की काम दुप्पट. आतला गंज काढून कॉलरचे पत्रे नवे जोडा, इपॉक्सी प्रायमर आणि सीम सीलर भरा, वरचा पत्रा परत बसवण्याआधी पाणी ओतून बघा आणि तो बसवल्यावर पुन्हा एकदा बघा. आता लक्षात आलं असेल की रंग आधी का नको: काच काढणं, वेल्डिंग, फेंडरचे बोल्ट, यात नवा रंग टिकत नाही.

त्याच दिवशी एक जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन गाडीखाली फिरा. गाडी जॅकवर नव्हे, जॅक स्टँडवर हवी. बघायच्या जागा: चारही पायांखालची फरशी, बॅटरीच्या ट्रेखालचं एप्रन आणि त्याखालचा पुढचा रेल, कारण ॲसिड वर्षानुवर्षं तिथेच गळतं, पुढच्या स्प्रिंगचे टॉवर, जिथे वरचा कंट्रोल आर्म बोल्टने बसतो तिथल्या बारीक भेगा, मागच्या चाकांच्या मागे क्वार्टर पॅनेलचा खालचा भाग, दारांचं बूड. डिकीत एक गंमत आहे. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीच्या फरशीचा भाग आहे. टाकीच्या कडेने सीलर सुटला असेल तर पाणी आत आणि पेट्रोलचा वासही आत. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्याच्या जागी लांबी (पुटी) भरलेली आहे असं समजा. वरून कीर्तन आतून तमाशा असलेल्या गाड्या या वयात जितक्या मिळतील तितक्या थोड्या.

फरशी बदलायची निघाली तर एक नियम पाळा: एका वेळी एकच बाजू. आणि रॉकरला हात लागणार असेल तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरका पाइप वेल्ड करून आधार द्या. दारांच्या फटी आधी मोजून लिहून ठेवा. आधार न देता कापलं की गाडी मधून बसते आणि नंतर दार लागत नाही. स्वतः वेल्डिंग करणार असाल तर मिग मशीन, ०.०२३ इंचाची तार, ७५ टक्के आरगॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एक सलग रेघ न ओढता टाका-टाका करून, जागा बदलत, थंड होऊ देत. पातळ पत्रा सलग उष्णतेने वळवळतो. दारं आणि फेंडर वाचवण्यासारखी असतील तर मूळचीच वाचवा. नवी मिळतात, पण फटी जुळवण्यात जे तास जातात ते बिलात दिसतात.

दुसरं काम ब्रेक, आणि हे इंजिनाच्या आधी. १९६६च्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेकच्या लाइनमध्ये पाठवणारा भाग, एकेरी आहे. चारही चाकांना एकच कप्पा, एकच दाब. एका चाकाचा सिलिंडर फुटला, एक रबरी नळी चिरली, की पेडल थेट जमिनीला आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. फोर्डने १९६७च्या मॉडेलपासून दुहेरी मास्टर सिलिंडर दिला. घरच्यांना बसवून गाडी चालवायची म्हणता, म्हणून हा बदल मी ऐच्छिक मानत नाही. पुढेमागे ड्रमच ठेवणार असाल तर १९६७च्या ड्रम गाडीचा दुहेरी सिलिंडर फायरवॉलवर त्याच जागी बसतो. पुढच्या आणि मागच्या लाइन वेगळ्या कराव्या लागतात. पुढे डिस्क घालणार असाल तर सिलिंडर डिस्क-ड्रमचाच घ्या. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआयचा (दर चौरस इंचाला १० पौंड) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या बाजूला राहिला तर पॅड कायम घासत राहतात आणि डिस्क तापते. सोबत मागच्या ब्रेकसाठी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

ड्रम वाईट नसतात. व्ही-८ गाडीला १० इंचाचे ड्रम आहेत आणि नीट जुळवले तर रोजच्या वापराला पुरतात. ओले झाल्यावर आणि लांब उतारावर मात्र कमी पडतात. चौदा वर्षं उभ्या गाडीत चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी नळ्या (पुढे दोन, मागच्या ॲक्सलला एक) आणि बहुतेक स्टीलच्या लाइन बदलायच्या, तपासत बसायचं नाही. नळी बाहेरून चांगली दिसते पण आतून सुजून बंद झालेली असते. मग पेडल सोडलं तरी चाक धरून राहतं. नवी लाइन ३/१६ इंची, टोकाला दुहेरी फ्लेअर. कॉम्प्रेशन जोड ब्रेकच्या लाइनमध्ये कधीच नाही.

ब्रेक जोडताना दोन चुका हमखास दिसतात. एक, शू उलटे बसतात. कमी लांबीचं लायनर असलेला शू पुढच्या दिशेला आणि जास्त लांबीचा मागच्या दिशेला. उलट बसवले तर गाडी थांबते खरी, पण जोर लावावा लागतो आणि कारण सापडत नाही. दुसरी, आपोआप जुळवून घेणारा स्क्रू डाव्या आणि उजव्या बाजूचा वेगळा असतो. अदलाबदल झाली की ब्रेक आपोआप घट्ट व्हायच्या ऐवजी ढिले होत जातात. म्हणून एका वेळी एकच चाक उघडा. दुसरं जोडलेलं चाक हाच तुमचा नकाशा. ड्रममधली जुनी धूळ हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या कापडाने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवूनच पुसा. ब्रेक ऑइल डॉट ३, हवा काढायचा क्रम मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. यापुढे दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतो.

आता इंजिन. मेहुण्यांचा सल्ला मोडण्याचं कारण असं: कोरड्या सिलिंडरमध्ये रिंग गंजाने भिंतीला चिकटलेली असू शकते. स्टार्टरच्या झटक्याने ती सुटत नाही, तुटते. शिवाय टाकीतलं चौदा वर्षांचं पेट्रोल आता वॉर्निश झालंय. ते कार्बोरेटरमध्ये गेलं आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांना चिकटलं की पुशरॉड वाकतात.

आठही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ ऑइल किंवा ट्रान्समिशन ऑइल घाला आणि दोन दिवस सोडून द्या. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला १५/१६ इंचाचं सॉकेट लावून लांब दांड्याने हाताने, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने, हळूहळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल घालून थांबा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की पुढे जायचं.

हात तिथे आहेच तर क्रँक आणि कॅम जोडणारी टायमिंग चेन बघून घ्या, कारण या इंजिनाची ही खरी दुखरी जागा आहे. मूळच्या कॅम गिअरचे दात नायलॉनचा थर दिलेले असतात. वयाने नायलॉन कडक होतं, तुकडे पडतात, ऑइल पॅनमध्ये जाऊन पंपाच्या जाळीत अडकतात, आणि मग ऑइलच्या दाबाअभावी बेअरिंग जातात. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, क्रँक एका दिशेने फिरवून शून्याच्या खुणेवर आणा, मग उलट फिरवत रोटर हलायला लागेपर्यंत किती अंश जातात ते पुलीवर वाचा. सहा-सात अंशांच्या वर गेलं तर चेन आणि दोन्ही गिअर बदला, गिअर पूर्ण लोखंडी घ्या. ऑइल सोडताना पिवळसर प्लॅस्टिकचे कण दिसले तर मोजमापाची गरजच नाही. पॅन उतरवून जाळी साफ करावीच लागेल.

मग नवं ऑइल, फिल्टरसह ५ क्वार्ट, आणि स्टार्ट करण्याआधी ऑइलचा दाब तयार करायचा. पहिला सिलिंडर टॉप डेड सेंटरवर (पिस्टन सर्वांत वर) आणा, रोटरची जागा खूण करून ठेवा, डिस्ट्रिब्युटर उपसा, आणि आत दिसणारी पंपाची पाव इंची षट्कोनी दांडी लांब सॉकेट आणि ड्रिलने घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. सॉकेट दांड्याला टेपने घट्ट बांधा, नाहीतर ते इंजिनात पडेल आणि तुमचा रविवार त्यातच जाईल. ड्रिलला एकदम जोर लागला की दाब आला. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर आर्मपाशी ऑइल दिसेपर्यंत फिरवा, मधे क्रँक थोडाथोडा हलवा.

पहिल्या स्टार्टला गाडीची टाकी वापरू नका. बोटीचा छोटा पेट्रोलचा कॅन पंपाला जोडा. दरम्यान मूळ टाकी रिकामी करून काढा. १६ गॅलनची नवी टाकी मिळते, जुनी धुण्यात अर्थ नाही. रबरी पेट्रोल नळ्या सगळ्या नव्या, आजच्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणाऱ्या जातीच्या, नळीवर ‘३०आर९’ छापलेलं असतं. यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा जुना असेल तर पेट्रोल आतल्या आत ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी आपोआप वाढली किंवा पट्टीला पेट्रोलचा वास आला तर इंजिन ताबडतोब बंद.

प्लगचा गॅप ०.०३४ इंच, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा ०.०१७, ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) २६ ते ३१ अंश, टायमिंग व्हॅक्यूमची नळी काढून आणि बंद करून टॉप डेड सेंटरच्या ६ अंश आधी. फायरिंगचा क्रम १-५-४-२-६-३-७-८; एक ते चार प्रवाशाच्या बाजूला पुढून मागे, पाच ते आठ ड्रायव्हरच्या बाजूला. टायमिंगची खूण विचित्र जागी येत असेल तर पुढच्या बॅलन्सरवर संशय घ्या. त्याची बाहेरची कडी रबरावर बसलेली असते आणि जुन्या रबरावर ती सरकते, मग खूणच खोटी होते.

इंजिन गरम झालं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते, मोजा: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके. १३० ते १७० पीएसआयच्या दरम्यान आणि सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या वर असेल, गरम इंजिनात २,००० आरपीएमला ऑइलचा दाब ३५च्या वर असेल, तर रीबिल्ड करणाऱ्याला नमस्कार सांगा. एखाद-दोन सिलिंडर कमी आले तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. नुसत्या व्हॉल्व्हसाठी हेड काढायचे, पूर्ण इंजिन नाही. हेड निघालेच तर कडक व्हॉल्व्ह सीट घालून घ्या, कारण शिशाचं पेट्रोल आता मिळत नाही. पण तेवढ्यासाठी चालतं इंजिन उघडू नका. आरामात चालवलेल्या गाडीत सीट खचायला फार काळ लागतो.

ऑइलबद्दल एक गोष्ट नेहमीसाठी. या इंजिनात कॅमवर सपाट टॅपेट घासतात आणि त्यांना जस्त-फॉस्फरसचा थर लागतो. आजच्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ८०० भाग) मर्यादित असतं. जुन्या गाड्यांसाठी किंवा रेसिंगसाठी म्हणून विकलं जाणारं १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० घ्या, डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात १,००० ते १,४०० पीपीएम असं बघून. आधीच पुरेसं असलेल्या ऑइलमध्ये वरून जस्ताची बाटली ओतू नका.

गिअरबॉक्सबद्दल घाई करू नका. तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे सी-४. तो बरेच दिवस उभा राहिला की टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली पॅनमध्ये उतरतं आणि शिफ्टच्या दांड्याच्या सीलमधून गळतं. जमिनीवर लाल डाग बघून लोक ओव्हरहॉल करतात. आधी ऑइल, फिल्टर आणि तो सील बदला, ऑइल टाइप एफ. तुमच्या लीव्हरवर ड्राइव्हच्या जागी दोन ठिपके असतील, एक मोठा हिरवा आणि एक लहान. लहान ठिपक्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच सुटते. उचल नाही म्हणून तक्रार करण्याआधी हिरव्यावर टाका. बाहेर गळती नसताना ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, असं झालं तर व्हॅक्यूम मॉड्युलेटरची नळी काढा. ती आतून ओली असेल तर पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरचं ऑइल पितंय. स्वस्तातला भाग आहे.

वायरिंगमध्ये पहिला संशय नेहमी अर्थिंगवर. इंजिनापासून फायरवॉलपर्यंतची पट्टी आणि बॅटरीची काळी वायर घासून लखलखीत करा. पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम वेडेवाकडे वागत असतील तर ते मीटर बिघडलेले नसतात, त्यांना विजेचा दाब पुरवणारा छोटा लिमिटर गेलेला असतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवलात तर लक्षात ठेवा की कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर मुद्दाम रेझिस्टन्सची आहे. संचाला पूर्ण १२ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात.

टायरची जाडी कितीही शिल्लक असो, चौदा वर्षांचे टायर फेकून द्या. मूळ माप ६.९५-१४; त्या जागी १९५/७५ आर१४ रेडियल शोभतात. रेडियल घातल्यावर अलाइनमेंटवाल्याला १९६६चे आकडे लावू देऊ नका, कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन-तीन अंश पॉझिटिव्ह मागा, नाहीतर गाडी हायवेवर सैरभैर होते. पुढून चूं-चूं आवाज येतो तो वरच्या कंट्रोल आर्मच्या बुशचा. तिथे ग्रीसच्या निपलऐवजी प्लग असतात आणि टॉवरमुळे ग्रीस गन पोचत नाही. काटकोनी निपल मिळतात. पुढच्या स्प्रिंगला मात्र योग्य कम्प्रेसर नसेल तर हात लावू नका. ती सुटली तर हाड मोडते.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर क्रम असा: पाण्याची तपासणी आणि चुंबक, ब्रेक, इंजिन हाताने फिरवणं ते कॉम्प्रेशन, मग काऊल आणि फरशीचं वेल्डिंग, मग ती वर्षभर तशाच रंगात चालवणं, आणि रंग त्यानंतर. वर्षभर चालवल्यावर कुठे गळतंय, कुठली फट बिघडलीये, कुठला पत्रा पुन्हा उघडावा लागणार, हे सगळं बाहेर येतं. रंगाची वेळ आली की शॉपवाल्याला तीनच प्रश्न विचारा. पत्र्यांवर वाळूचा मारा करणार का? मोठ्या सपाट पत्र्यांवर नको, ते तापून लहरी पडतात. उघड्या पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर देणार का? आणि लांबी किती जाड? तीन मिलिमीटरच्या वर जात असेल तर ठोकून सरळ करायचं काम टाळलेलं आहे. मुद्द्याचं उत्तर न देता नुसतं ‘शोरूमसारखी करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

हे सगळं तुमच्या काऊलवर अवलंबून आहे. तो कोरडा निघाला तर ब्रेक, टाकी, नळ्या, टायर आणि चेन एवढ्यात पुढचा उन्हाळा सहज गाठाल, आणि एका मोठ्या कामाचे पैसे हातात राहतील. गेलेला असेल तर पैसे तिथेच घाला आणि उन्हाळ्याची तारीख विसरा; उन्हाळ्यासाठी म्हणून टोपी आणि सिलिकॉन लावून वरून रंग देणं म्हणजे तेच पैसे दोनदा घालवणं.

रस्त्यावर आल्यावर देखभाल थोडकी पण नेमाने लागते. वर्षातून एकदा किंवा ३,००० मैलांना ऑइल, पॉइंट आणि प्लग तेव्हाच बघायचे, सगळे ग्रीस निपल भरायचे, ड्रम उघडून व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून ओल दिसते का पाहायचं, काऊलच्या फटींवरची पानं व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. कूलंट दोन वर्षांनी. जर्सीत रस्त्यावर मीठ पडलं की पहिला जोरदार पाऊस होऊन रस्ता धुतला जाईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. हिवाळ्यात ठेवताना ऑइल ठेवण्याआधीच बदला, टाकी काठोकाठ भरून स्टॅबिलायझर घाला आणि दहा मिनिटं चालवून तो कार्बोरेटरपर्यंत पोचवा, बॅटरीला मेंटेनर लावा, एअर क्लीनरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबून त्याला लाल फीत बांधा म्हणजे वसंतात विसरणार नाही. दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवण्याची पद्धत बंद करा. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, पाण्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहते. चालवायची तर कोरड्या रस्त्यावर अर्धा तास, नाहीतर वसंतापर्यंत हात लावू नका.

झारीची तपासणी केलीत की कुठून थेंब आला ते लिहा, आणि सोबत कॉम्प्रेशनचे आठही आकडे सिलिंडरच्या क्रमांकासह द्या. रीबिल्डच्या बिलावर बोलायला तेवढं पुरेल.